कोवळा घोडा घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मापासून पाच-सहा वर्षांपर्यंतच्या घोड्याला शिकवताना जे प्रश्न हमखास पडतात ते इथे घेतले आहेत. वयाचे आकडे मध्यम बांध्याच्या, निरोगी घोड्यासाठी धरा. थोराड जातींचे घोडे आणि मोठ्या चणीचे नर जरा उशिराच भरतात.

पाठीवर पहिल्यांदा कधी बसावं?

साडेतीन ते चार वर्षांच्या सुमारास, हलक्या स्वाराने आणि थोडाच वेळ. तिसरं वर्ष पुरं होण्याआधी बसू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. शर्यतीच्या घोड्यांवर दुसऱ्या वर्षीच स्वार चढतात हे खरं, पण ते वेळापत्रक शर्यतींच्या वयोगटांनी ठरवलेलं असतं. घोड्याच्या पाठीला तिथे कुणी विचारलेलं नसतं.

कारण हाडांच्या वाढीत आहे. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा एक थर असतो आणि हाड तिथूनच लांब होत जातं. वाढ पुरी झाली की त्या थराचंही हाड होतं. हे काम ढोबळमानाने खालून वर सरकतं. खुराच्या वरची छोटी हाडं पहिल्या वर्षाच्या आसपास पक्की होतात, नळीच्या (गुडघ्याखालच्या) हाडाचं खालचं टोक दीड वर्षाच्या आत. गुडघ्याच्या लगेच वरचा भाग दोन ते अडीच वर्षांदरम्यान, आणि खांद्यातली व मांडीतली मोठी हाडं तीन-साडेतीन वर्षांपर्यंत. कण्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. मणक्यांच्या कूर्चा पाच-साडेपाच वर्षांपर्यंत, काही घोड्यांत त्याहूनही उशिरा जुळतात. आपण बसतो ती जागा अशी सर्वांत मागे राहिलेली असते.

इथे उंची फसवते. वर्षाच्या शिंगराने पुऱ्या उंचीचा सुमारे ९० टक्के पल्ला गाठलेला असतो, वजन मात्र जेमतेम दोन-तृतीयांश असतं. लांबून बघणाऱ्याला तो घोडा वाटतो.

गुडघ्याचा एक्स-रे काढला आणि कूर्चा बंद झालेली दिसली. आता बसायला हरकत नाही ना?

त्या एक्स-रेने फक्त गुडघ्याचा निकाल दिला. पाठीबद्दल तो काहीच सांगत नाही.

स्वाराचं वजन किती चालेल?

भरलेल्या, तयार घोड्यासाठी स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत, असा आडाखा सर्रास वापरतात. कोवळ्या घोड्याला १५ टक्क्यांच्या आतच ठेवा. ३५० किलोच्या घोड्यावर म्हणजे खोगिरासकट साधारण ५२ किलो. काटा नसेल तर मोजपट्टीवर भागतं. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० केलं की किलोत अंदाज मिळतो. सूत्र प्रौढ घोड्याचं आहे, त्यामुळे तीन वर्षांच्या सडसडीत घोड्याचा आकडा थोडा कमीच धरा.

मग तीन-साडेतीन वर्षं त्याला नुसतं चरायला सोडायचं?

मोकळं सोडणं हा शिक्षणाचाच भाग आहे. वाढती हाडं भार ओळखून घट्ट होतात. कुरणात मनाने घेतलेल्या छोट्या धावा, वळणं, उड्या यांतून नळीच्या हाडाला जी बळकटी येते ती तबेल्यात बांधून ठेवलेल्या शिंगराला येत नाही. सोबत दुसरे घोडे हवेतच, आणि त्यांत एखादी पोक्त घोडी असेल तर उत्तम. किती जोरात चावलं तर खेळ आणि किती जोरात चावलं तर लाथ, हे शिंगरू तिच्याकडूनच शिकतं. माणसांतच एकटं वाढलेलं शिंगरू माणसाला आपल्यातलाच एक समजतं आणि अंगावर खेळायला येतं. ४० किलोचं असताना ते गोड वाटतं, ४०० किलोचं झाल्यावर नाही.

त्याच्या जोडीने जमिनीवरचं शिक्षण चालतं. पहिल्या सहा महिन्यांत अंगाला हात लावू देणं, म्होरकी (डोक्यावर घालायचे पट्टे), चार पावलं सोबत चालणं. आई तोडल्यावर, म्हणजे साधारण चार ते सहा महिन्यांनंतर, पाय उचलणं, खरारा, बांधून उभं राहणं, गाडीत चढणं. दुसऱ्या वर्षी नवनव्या वाटांवर काढणीने, म्हणजे म्होरकीला बांधलेल्या दोरीने, फिरवणं. अडीच-तीनच्या पुढे लांब लगाम, पोटपट्टा, खोगीर. पाठीवर बसेपर्यंत घोड्याला थांब, चल, वळ, माग हो हे चार शब्द पाठ झालेले असले की स्वाराने नवीन असं फक्त एकच आणायचं उरतं: वजन.

जन्मल्या दिवशीच सगळीकडे हात फिरवला तर जन्मभराचं काम होतं, हे खरं का?

पहिल्या तासांत शिंगराला दाबून धरून अंगभर चोळण्याचा प्रयोग अनेकांनी करून पाहिला. असा परिणाम काही महिन्यांनंतर टिकत नाही, असंच तपासण्यांतून दिसलेलं आहे. त्या तासांत शिंगराने उभं राहावं, आचळ शोधावं आणि पहिला चीक प्यावा, याला महत्त्व आहे. नाळेला औषध लावून बाजूला व्हा. हाताळणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, रोज पाच मिनिटं, आई शेजारी असताना. आईच शांत उभी राहत असेल तर निम्मं काम तिनेच केलेलं असतं.

म्होरकी कशी घालावी, आणि ओढल्यावर शिंगरू मागे रेटा देतं त्याचं काय?

म्होरकी मऊ आणि मापाची हवी. नाकाचा पट्टा गालाच्या हाडाच्या किंचित खाली. शिंगराला मोठ्या घोड्याची म्होरकी घालू नका, मागचा पाय कान खाजवताना तीत अडकतो. चरायला सोडताना काढून घ्या.

समोरून ओढणं ही इथली सर्वांत महाग चूक. मानेमागे दाब आला की शिंगराची पहिली प्रतिक्रिया उलट ओढण्याची असते. माणसाने जोर वाढवला की ते दोन पायांवर उभं राहतं आणि पाठीमागे पडतं. डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटून जिवावरचं दुखणं येऊ शकतं. म्हणून सुरुवातीला एक मऊ दोरी पुठ्ठ्याच्या मागून, शेपटीखालून वळसा घेऊन हातात धरा. चालायला सांगताना काढणीला हलकासा इशारा आणि चालना त्या मागच्या दोरीने. एक पाऊल पडलं की दोन्ही ढिल्या. तीन-चार दिवसांत मागची दोरी नुसती लोंबकळत राहते, आठवड्याभरात लागत नाही.

तो "दाब आणि ढील" प्रकार नेमका काय?

घोडा दाबामुळे शिकत नाही, दाब सुटण्यामुळे शिकतो. खांद्याला बोट लावलं, तो तसाच उभा राहिला, तुम्ही बोट किंचित रुतवलं, त्याने वजन पलीकडे टाकलं, आणि त्याच क्षणी बोट उचललं. आता त्याच्या लेखी वजन सरकवणं हे उत्तर झालं. बोट तीन सेकंद उशिरा उचललंत तर मधल्या वेळात त्याने मान हलवलेली असते आणि तेच उत्तर ठरतं. बरेच "हट्टी" घोडे खरं तर उशिरा सुटणाऱ्या हातांनी घडवलेले असतात.

दाब नेहमी हलक्यापासून चढवा, एकदम जोराने सुरू करू नका. आणि त्याने झटापट सुरू केली असताना सोडू नका, नाहीतर झटापट पक्की होईल. दाब वाढवायचा नाही, आहे तेवढाच धरून ठेवायचा, तो क्षणभर निवळला की सोडायचा. खाऊ दिलात तरी चालतं, मात्र हातातून हुंगायला येणाऱ्याला नको. मान सरळ ठेवून उभा राहिला की मगच.

पाय उचलू देत नाही. काय करू?

पुढच्या डाव्या पायापासून सुरू करा. खांद्याशी, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहा. डावा हात खांद्यावरून पायाच्या मागच्या बाजूने सावकाश खाली न्या, नळीच्या मागच्या शिरेपर्यंत. तिथे अंगठा आणि बोट यांनी हलकं चिमटीत धरा. तो पाय उचलणार नाही, आधी त्या पायावरचं वजन काढेल, खांदा किंचित पलीकडे झुकेल. तेवढ्यावरच सोडा. असं पाच-सहा वेळा झालं की टाच सुटेल. मग पाय दोन सेकंद धरा आणि स्वतः जमिनीवर टेकवा. हातातून पडू देऊ नका आणि त्यालाही हिसकावू देऊ नका.

पाय ओढून घेण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आपण तो फार वर किंवा फार बाहेर धरतो. तीन पायांवर तोल सांभाळणं त्यालाही नवीनच असतं. मागचा पाय पहिले काही दिवस जमिनीपासून वीतभरच उचला. दुगाण्या झाडणाऱ्या घोड्याच्या पायाशी हात नेऊ नका. हातभर लांब काठीच्या टोकाला मऊ फडकं बांधून त्यानेच आधी पाय चोळा, तो उभा राहू लागला की मग हात.

खुरांची छाटणी पहिल्या वर्षी चार ते सहा आठवड्यांनी आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांनी लागते. नालबंद पहिल्यांदा येईल त्या दिवशी हे शिक्षण सुरू करणं त्याच्यावरही अन्याय आहे.

बांधून उभं करायला कधी शिकवावं?

मानेमागे दाब आला की पुढे यायचं, हे पक्कं झाल्यावर. त्याआधी कधीच नाही. दोरी घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्याइतक्या उंचीवर, ६० ते ७० सेंटिमीटर मोकळी, आणि एका हिसक्यात सुटणाऱ्या गाठीने बांधा. दोरी थेट खांबाच्या कडीला न बांधता मध्ये कच्च्या सुतळीचा एक फेर घ्या. जीव घाबरून ओढलं तर सुतळी तुटते, मान वाचते. लांब दोरीत पाय अडकतो. पहिल्या वेळी पाच मिनिटं, तुम्ही जवळच.

एका वेळी किती वेळ शिकवायचं?

वर्षाच्या आत पाच ते दहा मिनिटं. दोन वर्षांचा असेल तर १५ मिनिटं. तीनच्या पुढे खोगीर-लगामाच्या तयारीसकट अर्धा तास. आठवड्यातून तीन-चार दिवस भरपूर झाले. रोज रेटल्यापेक्षा मध्ये दिवस सोडून शिकवलेलं घोड्याच्या अंगी चांगलं मुरतं. जमलेल्या गोष्टीवरच थांबा, आणि "आता एकदाच" हा मोह टाळा. तिसऱ्या "एकदाच"ला तो चुकतो आणि मग थांबता येत नाही.

गोल फिरवण्याचा व्यायाम कधीपासून?

लंजिंगचा, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवण्याचा, अतिरेक हा कोवळ्या सांध्यांचा छुपा शत्रू आहे. लहान वर्तुळात घोडा आत झुकतो आणि आतल्या पायांच्या एकाच बाजूवर सतत भार येतो. दोन वर्षांखालच्या घोड्याला दोरीवर गोल पळवू नका. त्यानंतरही वर्तुळ किमान १५ ते २० मीटर व्यासाचं, जमीन सपाट आणि घसरडी नसलेली, बहुतेक वेळ चाल, थोडी दुडकी, प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं. मस्ती जिरवण्यासाठी लंजिंग करणं तर सरळ उलटं पडतं. दमवून दमवून घोडा ताकदवान होतो आणि पुढच्या महिन्यात त्याला दमवायला दुप्पट वेळ लागतो.

याऐवजी लांब लगाम शिका. दोन्ही बाजूंनी पोटपट्ट्याच्या कड्यांतून लगाम मागे घेऊन माणूस मागे, जरा बाजूला चालतो. रस्ते, उतार, पाण्याची डबकी, सरळ रेषा, थांबणं, वळणं सगळं पाठीवर ओझं न टाकता शिकवता येतं. लगामाची भाषा घोडा इथेच शिकतो.

तोंडात कडियाळं (लगाम जोडायचा धातूचा तुकडा) कधी घालावं?

तोंड तपासून घेतल्यानंतर. घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडी-जोडीने बदलतात, आणि दुधाच्या दाढाही अडीच ते चारच्या दरम्यान निघून जातात. म्हणजे आपण लगाम शिकवायला घेतो नेमकी तीच वर्षं हिरड्या दुखण्याची असतात. शिवाय दाढांच्या पुढे वुल्फ टूथ नावाचा खुंट्यासारखा दात काही घोड्यांना येतो. कडियाळं त्यावर आपटलं की घोडा मान झटकतो. दात पाहणाऱ्या पशुवैद्याकडून तो काढून घ्यायचा की नाही ते ठरवा आणि काढला तर जखम भरेपर्यंत थांबा. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तोंड दाखवा.

कडियाळं स्नॅफल जातीचं, म्हणजे साधं, मऊ सांध्याचं असावं, ओठांच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर मोकळं. पहिले काही दिवस लगाम न जोडता नुसतं तोंडात ठेवून चघळू द्या. थंडीत धातू हातात धरून कोमट करून घाला. तोंड उघडत नसेल तर दात नसलेल्या कोपऱ्यात अंगठा सरकवा. बळजबरीने दातांवर आपटू नका. कानावरून पट्टा ओढला जाण्यानेच निम्मे घोडे पुढे मान वर करायला शिकतात.

खोगीर पहिल्यांदा कसं चढवायचं?

पायरीपायरीने, आणि एका दिवसात एकच पायरी. आधी घोंगडी दोन्ही बाजूंनी पाठीवर टाकायची, काढायची. मग मऊ पोटपट्टा, काही दिवस. मग रिकिबी काढलेलं हलकं खोगीर. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, ओढताना दोन्ही टोकांची चूक होते. एका ओढीत गच्च आवळला तर घोडा पाठ कमानीसारखी फुगवून उसळतो, आणि पुढे जन्मभर तंग दिसला की श्वास रोखतो. अगदीच ढिला ठेवला तर खोगीर फिरून पोटाखाली जातं. पोटाखाली खोगीर घेऊन उधळलेला घोडा ते फार काळ विसरत नाही. म्हणून: सरकणार नाही इतकाच ओढा, चार पावलं चालवा, एक भोक वाढवा, पुन्हा चालवा, पुन्हा एक भोक. रिकिबी शेवटी, आधी बांधून, मग लोंबत्या, म्हणजे बरगडीला लागणाऱ्या हलक्या धक्क्यांची सवय होते.

वाढत्या घोड्याची पाठ दर तीन-चार महिन्यांनी बदलते. बसवलेलं खोगीर तेव्हा पुन्हा तपासा.

आणि प्रत्यक्ष बसायचा दिवस?

दोन माणसं हवीत: एक डोक्याशी, एक चढणारा. उंच ओट्यावरून चढा, रिकिबीतून लटकून नको. पहिल्या दिवशी नुसतं पोटावर आडवं व्हायचं, पलीकडच्या बाजूला थोपटायचं, उतरायचं. दुसऱ्या बाजूनेही तेच. तो मान खाली करून उभा राहू लागला की आडवंच असताना दोन-चार पावलं. नंतर पाय टाकायचा, पुठ्ठ्याला टाच न लावता, आणि सावकाश उठून बसायचं.

सावकाशच का? घोड्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं. आंधळे भाग दोनच: कपाळासमोर अगदी जवळचा आणि शेपटीमागचा. आतापर्यंत माणूस डाव्या डोळ्यात, खाली होता. आता तो एकदम वर आणि दोन्ही डोळ्यांत दिसू लागतो. पहिल्या स्वारीत बहुतेक घोडे दचकतात ते याच क्षणी.

पहिल्या आठवड्यात पाच-दहा मिनिटं चाल, डोक्याशी माणूस. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ओळखीच्या वाटेवर, एखाद्या शांत, जाणत्या घोड्याच्या मागे. दुडकी आली की थोडी थोडी, स्वाराने खोगिरातून उठत-बसत. दौड घाईची नाही. आणि मग आमच्या मते सर्वांत उपयोगाचा भाग: दोन-तीन महिने झाले की त्याला काही महिने पुन्हा मोकळं सोडा. चार वर्षं पुरी झाल्यावर परत घ्या. ज्यांना हा वेळ वाया गेलेला वाटतो त्यांनी सोडण्याआधीचा आणि नंतरचा घोडा एकदा शेजारी ठेवून पाहावा.

कालपर्यंत शहाणा होता, आता सगळंच विसरला. काय झालं?

बहुधा काहीतरी दुखतं किंवा वाढतं. या क्रमाने पाहा: तोंड, पाठ, खोगीर, खूर, चारा, मग तुमचं शिकवणं. मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच वाढला असेल, तर त्या महिन्यांत घोड्याला तोल नीट सांभाळता येत नाही. उतारावर अडखळतो, दुडकीत पुढचे पाय उशिरा पडतात. अशा वेळी शिक्षण दोन पायऱ्या मागे न्यायचं आणि वाढ भरून येईपर्यंत चालीवरच भागवायचं. वयात येणाऱ्या नराचं लक्ष घोडीकडे असणार, त्यात हट्ट नसतो.

पाठ दुखते हे कसं ओळखायचं?

खोगीर आणताना कान मागे, पोटाकडे वळून बघणं, तंग ओढताना चावायला येणं. कण्याच्या दोन्ही बाजूंनी तीन बोटं हलक्या दाबाने मानेकडून पुठ्ठ्याकडे फिरवा. एखाद्या जागी पाठ दबते किंवा कातडी थरथरते का बघा. चढल्यावर पहिली चार पावलं ताठ टाकणं हीदेखील खूण. अशा घोड्याला शिस्त लावायला गेलात तर दोन दुखणी होतील.

बुजतो. त्याला त्या वस्तूजवळ नेऊन उभं करावं का?

लगेच नाही. ज्या अंतरावर तो बघतो पण पळत नाही तिथे थांबा, बाजूने फिरवा, श्वास सोडला किंवा मान खाली गेली की दूर न्या. दुसऱ्या फेरीत अंतर थोडं कमी. कोंडून, बांधून, वस्तू अंगावर घालण्याच्या पद्धतीने घोडा कधी कधी गप्प उभा राहतो, पण ओठ आवळलेले, डोळे न मिचकणारे आणि श्वास रोखलेला असतो. तो शांत झालेला नाही, त्याने हार मानली आहे, आणि एखाद्या दिवशी ते फुटून बाहेर येतं.

चंदी जास्त दिली तर लवकर तयार होईल का?

वजनाने तयार होईल, सांध्यांनी नाही. वेगाने वाढवलेल्या शिंगरांत सांध्यांची कूर्चा नीट न बसण्याचे विकार जास्त दिसतात. फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर लागाव्यात, एवढंच भरा. वैरण मोकळ्या हाताने, दाणा हात राखून. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी पडू देऊ नका, दोहोंचं प्रमाण एकास एक ते दोनास एक यांच्या दरम्यान हवं. नुसता कोंडा आणि दाणा चारला तर तेच बिघडतं.

नराला खच्ची केव्हा करावं?

बहुतेक ठिकाणी सहा ते १८ महिन्यांदरम्यान. दोन्ही अंडकोष खाली उतरलेले आहेत ना, हे पशुवैद्य तपासतो. लवकर केल्याने उंची किंचित वाढू शकते, कारण हाडांची कूर्चा जरा उशिरा बंद होते.

पाच-सहा वर्षांचा घोडा आहे, खोगीर कधीच पाहिलं नाही. उशीर झाला का?

मुळीच नाही. त्याचे पुढचे दात पक्के झालेले असतात, कणा जुळत आलेला असतो आणि लक्षही जास्त टिकतं, त्यामुळे काही पायऱ्या वेगाने जातात. पायऱ्या गाळायच्या मात्र नाहीत. ताकद पूर्ण आली आहे, म्हणून तंग आवळणं किंवा पाय उचलणं यात झालेली चूक तीन वर्षांच्या घोड्यापेक्षा कितीतरी महागात पडते. म्होरकीपासून सुरुवात करा, बांधायच्या आधी दाब आला की पुढे येणं पाठ करून घ्या, आणि पहिल्या स्वारीला अनुभवी चाबूकस्वार सोबत घ्या.